येतो म्हण

काका,

परवा हॉलमध्ये तुझ्या फोटोसमोर मी जे बोलले ते ऐकायला तू नव्हतास, म्हणून पुन्हा लिहितेय. मराठी लिहायला तूच शिकवलंस, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला आता तू नाहीस, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

तुला जाऊन दोन आठवडे झाले. लोक भेटायला येतात, गप्प बसतात, आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "तो बर्फाचा किस्सा काय रंगवून सांगायचा!" तो किस्सा न ऐकलेला मराठी माणूस सिडनीत शोधावा लागेल. गणपतीत, बार्बेक्यूला, कुणाच्या नव्या घराच्या पूजेला, तू ताट घेऊन बसलास की सुरू. "बारा माणसं, एक बाथरूम, लाइट गेलेले, मी बाहेर बर्फात मरायला टेकलोय, आणि आमचे दादा आत शेकोटीपाशी. साडेतीन तास! नशीब, ही चिमी होती. नऊ वर्षांची पोर, पण हिने फोन उचलला आणि सांगितलं, काका बाहेर आहे. म्हणून आज हे श्रीखंड खातोय." मग माझ्या डोक्यावर टपली. सगळे हसायचे. तुझे दादा, म्हणजे माझे बाबा, तेही हसायचे. हसताना ते ताटातल्या भाताकडे बघायचे, हे तू कधी पाहिलंस का रे?

तो किस्सा खोटा होता, काका. तू खोटं बोलत नव्हतास, तुला जेवढं माहीत होतं तेवढं सांगत होतास. खरं काय ते फक्त दोघांना माहीत होतं, बाबांना आणि मला. अठरा वर्षं मी तुझी लाडकी राहिले आणि बाबा तुझे आरोपी, आणि मी ते चालू दिलं.

तर ऐक. सुरुवात तुझ्यापासूनच करते, कारण तिथे जायची कल्पना तुझी. आजी-आजोबा पुण्याहून चार महिन्यांसाठी आले होते आणि तू घोषणा केलीस की त्यांना बर्फ दाखवायचा. "फ्रीजरमध्ये बघते की रोज," असं आजी म्हणाली, पण तुझ्यापुढे कुणाचं काय चाललंय! मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाहून आत्या आली, तिचा नवरा, दोन मुली. आम्ही तिघं, तुम्ही तिघं. स्नोई माउंटन्समध्ये उतारावरचं एक लाकडी घर तू चार दिवसांसाठी घेतलंस. चढ फार, म्हणून गाड्या खाली रस्त्याच्या वळणावर लावल्या आणि सामान हातांनी वर आणलं. पहिल्या दिवशी आम्ही पोरांनी बर्फाचा गणपती केला आणि आजोबांनी मफलर बांधून त्याची आरती म्हटली. इतकं हसलो होतो ना आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून काही दिसेना. बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढला होता आणि वरून पडतच होता. रस्ता बंद झाला, लाइट गेले. फक्त भिंतीवरचा जुना वायरवाला फोन चालू होता, आणि हॉलमधली लाकडं जाळायची शेगडी. मोठी माणसं एकमेकांशी अचानक फार गोड बोलायला लागली, त्यावरून आम्हा मुलांना कळलं की काहीतरी बिघडलंय.

दुपारी आजीच्या लक्षात आलं की तिचं इन्सुलिन संपत आलंय आणि उरलेलं सगळं खाली तुझ्या गाडीच्या डिकीत आहे, एस्कीच्या थंडपेटीत, श्रीखंडाच्या डब्याखाली. तू वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमधला माणूस. एका वाक्यात तू सगळ्यांची झोप उडवलीस. "एकदा गोठलं की ते फेकून द्यायचं, कामाचं नाही."

बाबा म्हणाले, "थोडा जोर ओसरू दे, मग दोघं जाऊ."

"अरे दादा, दहा मिनिटांचं काम. तोवर गोठलं तर?" तू जाकिटाची चेन ओढलीस. "चल, मी जातो."

आजी पांघरुणातून उठून बसली. "जातो काय? जातो म्हणू नये. येतो म्हण."

तू दारातून मान आत घातलीस, नाटकात करतात तसा वाकलास आणि ओरडलास, "येतो, येतो, येतो! झालं समाधान?" आम्ही सगळी पोरं खिदळलो. दार लागलं. दोन वाजले होते.

बाबा आणि आत्याचा नवरा मागच्या शेडमध्ये लाकडं फोडायला गेले. बायका आजीपाशी. आणि फोन वाजला. इंग्रजी फोन मी उचलायचा, हा आजी आल्यापासून घरातला नियमच होता, कारण ती उचलायची आणि "नो इंग्लिश" म्हणून घाबरून ठेवून द्यायची. मी स्टुलावर चढले. ही घरं भाड्याने देणाऱ्या खालच्या ऑफिसातली बाई प्रत्येक घराला फोन करून माणसं मोजत होती.

"एव्हरीबडी इनसाइड, डार्ल?"

"माय काका इज आउट. माय अंकल."

"वेअर्स ही गॉन, लव्ह?"

काका, मी नऊ वर्षांची होते. घरात मराठी ऐकायचे आणि तोंडाने इंग्रजी बोलायचे, एका कानातून आलेला शब्द जसाच्या तसा दुसऱ्या भाषेत ठेवून द्यायचे. तू काय म्हणाला होतास ते मला अगदी ताजं आठवत होतं, तीनदा ओरडला होतास. मी म्हटलं, "ही सेड ही इज कमिंग."

"ओह, ऑन हिज वे? गुड. नो वरीज देन."

बाईला वाटलं तू परत निघालायस, आलासच. तिने आमच्या घरापुढे बाराच्या बारा मांडले आणि पुढचा नंबर फिरवला. तू नुसतं 'जातो' म्हणाला असतास तर मी 'गोइंग' म्हटलं असतं आणि त्यांची बर्फावरची मोटार तिथल्या तिथे सुटली असती. आजीचा मी कधी राग केला नाही. पण 'येतो म्हण' असं कुणी म्हटलं की आजही मी खोलीतून निघून जाते.

बाबा लाकडं घेऊन आत आले. "कुणाचा फोन?"

"ऑफिस लेडी. आय टोल्ड हर काका इज आउट."

"मग? काय म्हणाली?"

"नो वरीज म्हणाली."

बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांना वाटलं खाली कळलंय, माणसं निघालीत. तीन वाजता त्यांनी बूट घातले. आजोबा म्हणाले, "त्यांची माणसं गेलीत ना? मग तू कशाला? एक बाहेर आहे तेवढा पुरे." बाबा माझ्याकडे वळले, "चिमू, नक्की सांगितलंस ना?" मी म्हटलं, "येस बाबा." त्यांनी बूट काढले. साडेतीनला पुन्हा घातले. पुन्हा मला विचारलं. पुन्हा येस. पुन्हा काढले. आत्याच्या मुलीसुद्धा रडायच्या थांबल्या. काकू दाराच्या काचेला नाक लावून उभी, आणि काचेपलीकडे नुसतं पांढरं. चारच्या पुढे बाबा तिसऱ्यांदा बूट घालून उठले आणि दाराकडे न जाता फोनकडे गेले.

मी शेजारीच होते. बाईचा आवाज बाहेर येत होता. तिचं शेवटचं वाक्य मी ऐकलं, की तुमची छोटी म्हणाली तो येतोय. बाबा माझ्याकडे बघत राहिले. बाई बजावत होती की आणखी कुणीही बाहेर पडायचं नाही, आम्ही निघतो, दोघांना शोधायला लावू नका. बाबांनी फोन ठेवला. गुडघ्यावर बसून माझे दोन्ही खांदे धरले. "फोनवर तू काय बोललीस ते कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, काकाला तर नाहीच. माझी शपथ."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

साडेपाचला तुला आणलं. एस्कीपर्यंत तू व्यवस्थित पोचला होतास, परत येताना वळण चुकलं, आणि तू दुसऱ्याच एका बंद घराच्या ओसरीवर अडकलास. डावा बूट बर्फात कुठेतरी गेला होता. तुला बोलता येत नव्हतं. पण काखेत, बनियनच्या आत, इन्सुलिन होतं आणि ते कोमट होतं. आजीने त्या संध्याकाळी तेच घेतलं. या एका गोष्टीसाठी मी तुला जन्मभर सलाम करेन.

आणि मग, तुला आठवतं का, की तू अजून थरथरतच होतास? काकू शेगडीपाशी गेली, तिथे ठेवलेले बाबांचे बूट उचलले, आत हात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कोरडे आहेत, दादा."

बाबांनी ते तिच्या हातातून घेतले आणि खाली ठेवले.

रस्ता दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. तोवर आपण बारा जण त्या एका हॉलमध्ये, एका शेगडीभोवती, आणि आपल्या मधोमध ते बूट. बाहेर जायला वाट नाही, एकमेकांना टाळायला दुसरी खोली नाही. मुलं कुजबुजत पत्ते खेळली. तुझ्या तोंडून पहिला सरळ शब्द निघाला तो बाबांसाठी होता. "साडेतीन तास काय करत होतास, दादा?" बाबा म्हणाले, "वाटलं, येशील." मी अंथरुणात तोंड खुपसून होते. शपथ मोडली तर बाबा मरतील असं मला वाटत होतं, आणि नाही मोडली तर काय होतंय ते मी डोळ्यांनी बघत होते.

पुढचं तुला माहीत आहे. डाव्या पायाची दोन बोटं गेली. हॉस्पिटलमध्ये ऑफिसची बाई फुलं घेऊन आली आणि भल्या मनाने म्हणाली, तुमच्या भाचीने आम्हाला सांगितलं तुम्ही बाहेर आहात म्हणून, हुशार आहे. भाची काय आणि पुतणी काय, तिला एकच. पण तेवढ्यावर तू मला जीवनदाती केलंस. दर वाढदिवसाला पहिला फोन तुझा. गाडी चालवायला तू शिकवलंस, आणि डाव्या सीटवर बसून तो तीन बोटांचा पाय रिकाम्या जागी दाबत राहायचास, तिथे जणू ब्रेकच आहे. मी हसायचे आणि आतून मरायचे.

सांगायची संधी नव्हती असं म्हणण्याची सोय नाही. रविवारच्या मराठी शाळेत, मी बारा वर्षांची असताना, तू फळ्यावर 'येतो' लिहिलंस. "मराठी माणूस निघताना जातो म्हणत नाही. आता हे इंग्रजीत कसं सांगाल?" तुझा निखिल म्हणाला, "सी या." सगळे हसले. तू माझ्याकडे खडू केलास, "चिमे, तू सांग." मी टॉयलेटला जायचंय म्हणून उठले आणि तास संपेपर्यंत आत बसून राहिले. बाहेर आल्यावर तू विचारलंस, पोट बिघडलंय का, आणि मला आल्याची वडी दिलीस. अठरा वर्षांची झाले तेव्हा बाबांना विचारलं, आता सांगू? ते म्हणाले, "कशाला? जुनं झालं." जुनं कुठे झालं होतं? बाबा तुमच्या घरी आले की काकू चहा टेबलावर ठेवायची, त्यांच्या हातात द्यायची नाही.

तुझ्या शेवटच्या महिन्यात बाबा रोज मला वेस्टमीडला सोडायचे आणि कार पार्कमध्ये बसून राहायचे. वर यायचे नाहीत. मी चिडायचे. त्या गुरुवारी दुपारी मी तुझा दहीभात गरम करू की नको या गोंधळात वॉर्डच्या दाराशी आले, तर आत बाबा. तू झोपला होतास, पाय नेहमीसारखा पांघरुणाबाहेर. बाबांनी तो पाय दोन्ही हातांत धरला होता. तू डोळे उघडलेस.

"उशीर केलास, दादा."

"हो रे," बाबा म्हणाले. "चुकलंच माझं. तेव्हाही."

तू पाय त्यांच्या हातांतच राहू दिलास. मग म्हणालास, "चल. सोडून दिलं." आणि त्यांच्याकडे पाणी मागितलंस.

मी दारात. हातात डबा. मला जीभ होती, दोन भाषा होत्या, आणि तुझ्यात ऐकण्याइतकी शुद्ध होती. मला वाटलं, बाबा माझी चूक आपल्या नावावर करून घेतायत आणि तू ते मानतोयस. एक पाऊल पुढे टाकायचं होतं. मी मनात म्हटलं, उद्या. शुक्रवारी संध्याकाळी तू गेलास.

परवा रविवारी केलीव्हिलच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. निखिल बोलायला उभा राहिला आणि त्याने तुझाच किस्सा सांगितला, तुझ्याच पद्धतीने. "थ्री अँड अ हाफ अवर्स, मेट! बाय द फायर!" लोक रडता रडता हसले. बाबा मागे कागदी कपांत चहा ओतत होते, तेही हसले. आणि मी उभी राहिले. शपथ, लाज, सगळं गुंडाळून ठेवलं. फोन सांगितला, कमिंग सांगितलं, नो वरीज सांगितलं. मागून बाबांचा आवाज आला, "चिमू, बस खाली." आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ते माझ्यावर ओरडले. मी बसले नाही. पूर्ण सांगितलं, मगच बसले.

कुणाला कुठे बघावं कळेना. काकू स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. निघताना माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "हे ते असताना का नाही सांगितलंस?" लोक मला समजावतात, अगं, त्याला माहीत असेलच मनातून. नव्हतं. तुझ्या पोटात काही राहायचं नाही, तुला माहीत असतं तर तू तोही किस्सा केला असतास. मला असलं फुकटचं सांत्वन नको.

गाडीत बसलो. आई पुढे काकूबरोबर गेली होती. बाबांनी गाडी सुरू केली नाही. पार्किंग रिकामं होत गेलं.

"मी त्याची माफी मागितली होती," ते म्हणाले. "ती तू सगळ्यांसमोर खोटी पाडलीस."

"खोटीच होती ना, बाबा. तुमची चूकच नव्हती. माझी होती."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच शपथ घातली होतीत!"

"शपथ तुझ्यासाठी घातली. नऊ वर्षांच्या पोरीला कुणी बोलू नये म्हणून. माफी माझी होती." त्यांचा आवाज चढला होता, आणि चढता चढता फुटला. "तू फोनवर काहीही बोलली असतीस. माझा धाकटा भाऊ बाहेर होता आणि मी आत होतो. तुला विचारत बसलो, नऊ वर्षांच्या तुला! साडेतीन तास मी आत होतो, चिमू. त्यात तुझं काय आहे?"

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी धरू दिला नाही. काही वेळाने धरू दिला.

काका, अठरा वर्षं मी समजत होते की बाबा माझं ओझं वाहतायत. ते स्वतःचंच वाहत होते. त्या गुरुवारी त्यांनी तुझ्याकडे मागितलं ते खरं होतं, आणि तू दिलंस तेही खरं होतं. तुम्हा दोघांचं मिटलं. मी उगाच मधे पडले.

पण मग माझं काय? बाबा म्हणतात माझी चूकच नाही, आई म्हणते मी लहान होते, निखिल म्हणतो "इट्स ऑल गुड." ते म्हणणारच. बोटं त्यांची नव्हती. ज्याची होती त्याने मला ओरडायचं, हवं तर दोन दिवस बोलायचं नाही, आणि मग 'चल, सोडून दिलं' म्हणायचं, हे फक्त तुझ्याच हातात होतं. बाबांचं तू ऐकून घेतलंस. माझं राहिलं.